58 सीसी चेनसॉ, पावसाळा आणि हिवाळा वापरल्यावर: कापतो झकास, पण स्टार्टरचा वैताग

स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत लिहीत नाही. 22 इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), टू स्ट्रोक, मला साडेआठ हजारांना पडला. घ्यायचं कारण म्हणजे निसर्ग वादळात (3 जून 2020) आमच्या दापोलीकडे एवढी झाडं आडवी झाली की कटरवाला मिळेना, मिळाला तर तो सांगेल तो भाव, आणि वाडीतला आमचा फणस पडून पडून वाळवीने खाल्ला. गेल्या मे महिन्यात वादळी पावसात घरामागचा जुना रायवळ आंबा मुळासकट पडला तेव्हा ठरवलं की आता मशीन आपलंच. पंचनामा झाला आणि कामाला लागलो.

आता मुख्य तक्रार, स्टार्टर. दोरी ओढली की आतलं जे दातरं इंजिनच्या चाकाला (फ्लायव्हीलला) पकडतं ते चक्क प्लास्टिकचं आहे! आणि ते कधी तुटावं? खोडाचं एक टोक गडग्यावर (दगडी कुंपणावर), दुसरं मुळांवर, मधला भाग अधांतरी. अशा खोडाला वरून दाब असतो आणि खालून ताण, म्हणून वरून साधारण एक तृतीयांश कापायचं, खाचेत लाकडी पाचर मारायची म्हणजे बार चिमटत नाही, आणि मग उरलेलं खालून वर कापत यायचं. वरचं कापून झालं, पाचर मारली, जागा बदलायची म्हणून नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं, आणि परत दोरी ओढली तर ती नुसतीच हातात आली. अर्धवट कापलेलं तेवढं वजनदार खोड ताणात तसंच, आणि त्याच्या बाजूनेच विहिरीची वाट. खालून ओंडक्यांचे टेकू दिले, वाट बांधून टाकली, आणि पोरं तिकडे जाऊ नयेत म्हणून रात्रभर घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. कंपनीने काही रुपये वाचवले ते माझ्या घरच्यांच्या जिवावर, असंच मी म्हणेन.

सर्व्हिसवाल्यांनी फोनवर सांगितलं की हा "कमर्शियल वापर" आहे, वॉरंटीत बसत नाही, तपासायचं असेल तर मशीन स्वतःच्या खर्चाने कुरियर करा. घरचं एक झाड घरच्या चुलीसाठी आणि बंबासाठी कापतोय, त्यात कमर्शियल काय आलं? बिल पाठवलं, फोटो पाठवले, भांडलो, काही उपयोग नाही. शेवटी खेडच्या एका गॅरेजवाल्याने अख्खा स्टार्टर साडेतीनशेत बदलून दिला, त्यातलं दातरं लोखंडी, आणि तेव्हापासून कुरकुर नाही.

ताकदीबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला वाटलं 58 सीसी नुसतं नावाला, आंब्याच्या बुंध्यात दम टाकतंय. पण चेनच कारखान्यातून बोथट आलेली. 4.8 एमएमची गोल कानस घेऊन प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात मारले आणि पिठासारखा भुगा पडायचा तिथे लांब जाड ढलप्या उडायला लागल्या. परत भुगा दिसला की थांबा आणि कानस घ्या, जोर लावून रेटू नका. चेन मातीला टेकू देऊ नका, एका क्षणात धार जाते, म्हणून जमिनीवरचा ओंडका दोन तृतीयांश कापून लोळवायचा आणि उरलेला वरूनच तोडायचा.

चेन ब्रेक (चेन जागच्या जागी थांबवणारा) चांगला आहे आणि तो हवाच, कारण बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर मशीन सरळ तोंडाकडे उसळतं. डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून घट्ट, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. पडलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या पायासारख्या खोडाला तोलून धरतात, त्या शेवटी, उतारावर असाल तर नेहमी वरच्या अंगाला उभं राहून. गडग्याच्या पलीकडे लोंबणाऱ्या टोकाला ताण उलटा असतो, तिथे आधी थोडं खालून, मग वरून. आणि मुळांचा गड्डा! खोड तोडून वेगळं झालं की तो धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो, म्हणून बुंधा लांब ठेवा आणि मागच्या खड्ड्यात कुणी म्हणजे कुणी उभं नको.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या पावसाळ्याआधीच पैसे वसूल. रायवळाचं सरपण फोडून मांगरात (वाडीतल्या खोपटात) रचलंय, पुढचा पावसाळा निभेल. टू टी ऑइल मिक्स केलेलं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका, कार्बोरेटर चोंदतो. चेनसाठी गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतू नका, त्यातल्या धातूच्या कणांनी ऑइलपंप जातो, मीसुद्धा काटकसरीचा माणूस आहे पण इथे पैसे टाकावेत. हेल्मेट, गॉगल, कानाचे मफ आणि बूट धरून दोन-तीन हजार वेगळे धरा.

घेणार असाल तर दुकानातच स्टार्टरचं कव्हर उघडून दाखवायला सांगा, चार स्क्रूचं काम आहे, आणि आत प्लास्टिक दिसलं तर लोखंडी दातऱ्याचा सुटा स्टार्टर त्याच दिवशी घेऊन ठेवा.