दोन रात्रींचा प्रवास: चाकांची ट्रॉली की पाठीवरची सॅक?

सोलापुरातून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री मुंबईला निघायचं, दोन दिवसांत काम किंवा लग्न उरकायचं आणि पुन्हा सिद्धेश्वरनेच परतायचं. नाहीतर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्यात एक मुक्काम. आपल्या सोलापूरकरांचे बहुतेक छोटे प्रवास असेच असतात. त्यांना एकच बॅग पुरते. ती स्वतः उचलता यावी आणि तिच्यातून काढलेले कपडे घालून चारचौघांत नीट दिसता यावं, एवढीच अपेक्षा. मग नव्या पेठेच्या बाजारात दुकानदारासमोर उभं राहिलं की प्रश्न दोनच गोष्टींचा उरतो: विमानाच्या केबिनच्या मापाची कडक ट्रॉली की पंचवीस-तीस लिटरची सॅक? मी दोन्ही भरपूर वापरल्या आहेत. आता सॅक वापरतो. पण ट्रॉलीच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी सांगतो.

पहिली गोष्ट इस्त्री. ट्रॉलीत शर्ट सपाट पडून राहतो, वर पट्टा आवळला की मुंबईपर्यंत हलत नाही. काठपदराची साडी किंवा लग्नातला झब्बा न्यायचा असेल तर याला तोड नाही. दुसरी गोष्ट खास आपली. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेल्याशिवाय आपला पाय घराबाहेर पडत नाही. चटणी कशातही जाते, पण कडक भाकरी ट्रॉलीतच अख्खी पोचते. सॅकमध्ये ती चुरते. (आमटीत चुरूनच खायची असते म्हणा, पण देताना अख्खी द्यावीशी वाटते.)

आणि तिसरी, सगळ्यात खरी: घाम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा रिक्षातून उतरून फलाटावर जाईपर्यंत सॅक पाठीवर घेतली तरी शर्टावर मोठा ओला चौकोन उमटतो. फिक्या निळ्या शर्टावर तर तो वाळल्यावरही मिठाची पांढरी कड सोडतो. चांगलं दिसायला महत्त्व देणाऱ्या माणसाने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. माझ्या ओळखीतल्या काहींनी निव्वळ यासाठी ट्रॉली घेतली आणि ते समाधानी आहेत.

तरीही माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट वेगळीच आहे आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. ट्रॉली उघडायला जागा लागते. कडक ट्रॉली मधोमध फाकते, दोन्ही अर्धे भाग आडवे पडतात आणि बॅगेच्या दुप्पट जमीन लागते. घरी पॅकिंग करताना हे जाणवत नाही, कारण घरी पलंग रिकामा असतो. थ्री टियर एसीत रात्री अकरा वाजता दिवे मालवलेले असताना आतली गोळी किंवा चार्जर काढायचा असेल तेव्हा जाणवतं. बर्थखालून ट्रॉली ओढायची, मधल्या चिंचोळ्या वाटेत आडवी करायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाय उचलून पलीकडे टाकायचे. आपल्या घड्या केलेल्या बनियन-चड्ड्या समोरच्या बर्थवरच्या कुटुंबाला दिसणार. एवढं करून चार्जर निघतो तो नेमका खालच्या भागातून.

पाहुण्यांकडे तर आणखी अवघड. पुण्यातल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये आपण झोपणार. तिथे ट्रॉली उघडी पसरली की घरच्या माणसांना स्वयंपाकघरात जाताना तिला वळसा घालून जावं लागतं. वहिनी काही बोलत नाहीत, पण आपल्यालाच संकोच वाटतो, म्हणून दर वेळी चेन लावून बंद करायची आणि दर वेळी पुन्हा उघडायची. लॉजच्या खोलीत जमीन पुरत नाही म्हणून ती पलंगावर चढते. चाकं मात्र तीच असतात, जी मघाशी फलाटावरून, पानाच्या पिचकाऱ्यांवरून, स्वच्छतागृहाच्या दारातून आली आहेत. त्याच चादरीवर रात्री झोपायचं. एकदा हे चाकांचे काळे पट्टे पांढऱ्या चादरीवर पाहिले आणि माझं मन ट्रॉलीवरून उतरलं ते उतरलंच. पुढच्या बाजूला उघडणारा कप्पा असलेल्या ट्रॉल्या मिळतात, त्यांनी हा त्रास निम्मा होत असेल. पण त्या महाग पडतात आणि चाकं तीच.

सॅक उभीच्या उभी उघडते. खुर्चीवर, बर्थच्या कोपऱ्यात, मांडीवर, कुठेही. डोळे मिटून हात घातला तरी चार्जर कुठल्या खणात आहे ते बोटांना ठाऊक असतं.

विमानाचं म्हणाल तर जून २०२५ पासून आपल्याकडून गोव्याला विमान सुटू लागलं, त्यामुळे हा विचार आता सोलापुरातही करावा लागतो. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीला साधारणपणे एक हातातली बॅग आणि सात किलो चालतं. आकडा तिकिटावर पाहून घ्या, काही ठिकाणी कमीही असतो. कडक ट्रॉली रिकामीच अडीच किलोच्या आसपास भरते, साधी सॅक किलोभर. शिवाय ट्रॉलीबरोबर लॅपटॉपची बॅग वेगळी होते. सॅकमध्ये लॅपटॉप आतच. लहान मार्गांवर एटीआर नावाची छोटी, पंख्यांची विमानं असतात, त्यांचे डोक्यावरचे कप्पे लहान. ट्रॉली तिथे बसली नाही तर ती विमानाच्या दाराशी काढून घेतात आणि खालच्या कप्प्यात टाकतात. पॉवर बँक मात्र खाली चालत नाही, ती आधी काढून जवळ ठेवावी लागते. म्हणजे पुन्हा तेच: रांगेत, उन्हात, सगळ्यांसमोर ट्रॉली आडवी करून उघडा.

आता सॅक घेऊनही नीटनेटकं कसं दिसायचं, कारण खरी मेहनत तिथे आहे.

घामावर माझा उपाय म्हणजे प्रवासाचा शर्ट आणि कामाचा शर्ट वेगळा. प्रवासाला गडद सुती टी-शर्ट, ज्यावर ओला चौकोन दिसत नाही. उतरल्यावर वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं आणि शर्ट बदलायचा. चुरगळण्यावर उपाय: दोन शर्ट आणि पँट एकमेकांवर उलटसुलट पसरायची, मधोमध मऊ कपड्यांची गठडी ठेवायची आणि बाह्या, पाय तिच्याभोवती गुंडाळायचे. कडक घडी पडतच नाही. लाँड्रीतून शर्टावर येणारी पातळ प्लॅस्टिकची पिशवी फेकू नका. शर्ट तिच्यासकट ठेवला तर कापड कापडावर घासत नाही आणि सुरकुत्या बऱ्याच कमी पडतात. शुद्ध लिनन मात्र कशालाच दाद देत नाही, ते घरीच राहू द्या.

कपडे निवडताना एकच कसोटी: प्रत्येक शर्ट प्रत्येक पँटवर गेला पाहिजे. एक नेव्ही ब्लू, एक पांढरा, खाली राखाडी आणि खाकी, एवढ्यात चार जोड होतात. जीन्स न्यायचीच असेल तर अंगावर, कारण ती सगळ्यात जड. बूटही पायात. सॅकमध्ये फक्त कोल्हापुरी, तळव्याला तळवा लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बुटाच्या निम्मीही जागा लागत नाही आणि झब्ब्याखाली बुटापेक्षा शोभते. पावसाळ्यात तेवढी नेऊ नका, चामडं भिजलं की आकार सोडतं. लग्नाला जाताना नेहरू जॅकेट अंगावर घालून निघतो आणि गाडीत खुंटीला अडकवतो. साधा पांढरा झब्बा त्याने समारंभाचा होतो.

टॉवेलबद्दल सोलापूरकराने बोलू नये, पण बोलतो. आपल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि तो आहेच तसा मऊ. परंतु सॅकचा पाव भाग तो खातो आणि रात्रभरात वाळत नाही. ओला टॉवेल शर्टांना चिकटून परत येणं यासारखा वैताग नाही. सुती पंचा न्या, तासाभरात वाळतो.

पाठ किंवा मान दुखत असेल, वय झालं असेल, बरोबर साड्या असतील तर माझं काही ऐकू नका, ट्रॉली घ्या. आईसाठी मी स्वतः ट्रॉलीच घेतली आणि उचलायला कुणीतरी बरोबर असतं. एकट्याने, दोन रात्रींसाठी, रेल्वे आणि पाहुण्यांचं घर अशा प्रवासाला मात्र मी सॅककडे झुकेन.

घेताना एक बघा: चेन तिन्ही बाजूंनी पूर्ण फिरून सॅक हवी तेव्हा सूटकेससारखीही उघडता आली पाहिजे. फक्त वरून तोंड असलेली नको, तिच्यात तळाचा शर्ट काढायला सगळं उपसावं लागतं. बाजूला उचलायची मूठ हवी, म्हणजे उन्हात ती पाठीवर न घेता हातात धरता येते. आणि दुकानातच दोन-चार जाडजूड पिशव्या आत कोंबून चेन ओढून पाहा. कोपऱ्यावर अडकत असेल तर ती बॅग तिथेच ठेवा.