श्रीखंड फॉन्ट वापरून बघितला, शेंगा चटणीच्या पाकिटावर

आमचं सोलापुरात डिझाईन-प्रिंटिंगचं छोटं काम आहे, पत्रिका, फ्लेक्स, पाकिटं असलं सगळं. शेंगा चटणी करणाऱ्या एका ताईंनी पाकीट करायला दिलं आणि म्हणल्या, दादा, नाव लांबनं दिसलं पाहिजे आणि जरा नखरा पाहिजे, सरकारी पाटीसारखं नको. मी इंग्रजी नावाला गुगल फॉन्ट्सवरचा श्रीखंड लावला आणि पहिल्याच प्रूफला ताई खूश.

हा फॉन्ट जॉनी पिनहॉर्न यांनी केलाय, आपल्याकडच्या रस्त्यावरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून, आणि ते अक्षरात दिसतं बघा. एकच वजन (म्हणजे अक्षराची जाडी एकाच प्रकारची), भरपूर जाड, सगळं उजवीकडं झुकलेलं, आणि जाड रेघ जिथं एकदम बारीक होते तिथं पेंटरनं ब्रश हळूच उचलल्यासारखं वाटतं. इंग्रजी एस स्क्रीनवर वीतभर मोठा करून बघत बसलो होतो, काय भरलेलं वळण आहे ते! वर ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे पाकिटावर, बोर्डावर, धंद्यासाठी कुठंही लावा, पैसे नाहीत.

पण मराठी नाहीच यात. इंग्रजी आणि गुजराती, बास. नाव श्रीखंड आणि देवनागरी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. आमच्या गावात तर मराठीबरोबर तेलुगू, कन्नडही चालतं, ते पण नाही. मी नाव मराठीत टाईप केलं तर सॉफ्टवेअरनं गुपचूप दुसराच फॉन्ट लावला, घाईत असता तर तसंच छापायला गेलं असतं, सांभाळा.

मग म्हणलं, मोदक नावाचा देवनागरी फॉन्ट लावून तिरका करू. मोदक जाड आहे, गोंडस आहे, पण मुळात सरळ उभा. स्क्यू केल्यावर शेंगामधला अनुस्वार गोल होता तो अंड्यासारखा कलंडला, चटणीतल्या ट चं पोट एका बाजूला दबलं आणि शिरोरेषा मात्र आहे तशी आडवीच. गुजरातीला शिरोरेषा नसते त्यामुळं अक्षर मोकळं झुकतं, आपल्याकडं ती रेघच सगळं धरून ठेवते, तिचा विचार केल्याशिवाय तिरकं देवनागरी जमत नाही.

शेवटी ओळखीच्या जुन्या पेंटरकाकांकडं गेलो. त्यांनी श्रीखंडचं प्रिंट समोर ठेवून कागदावर नाव काढलं, शिरोरेषा डावीकडनं उजवीकडं थोडी चढती घेतली आणि शेंगा चा काना खाली नेऊन शेपटीसारखा वळवला. मी ते स्कॅन करून ट्रेस केलं. दोन्ही नावं आता सख्ख्या बहिणींसारखी दिसतात.

अजून एक, हा फॉन्ट बारीक साईजला वापरू नका. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर टॅगलाईन यात टाकली तर इंग्रजी ई (e) आणि ए (a) ची पोटं शाईनं भरून गेली, वाचताच येईना, सगळा प्रूफ परत काढला. मागचा वजन-किंमत-पत्त्याचा मजकूर मुक्ता नावाच्या फॉन्टमध्ये घेतला, तिथं तोच बरा.

आता ताईंना आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलला चार फुटी बोर्ड पाहिजे, त्यात मात्र श्रीखंड जेवढा मोठा करता येईल तेवढा करणार आहे आणि काकांना मराठी नाव थेट पत्र्यावरच रंगवायला सांगितलंय.