एका दिवसात सहा बीच

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण अंदमानला जाऊन आलो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. समुद्राबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गाळ्यात बसून मला तो समुद्र विकणाऱ्या माणसाबद्दल. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळं त्याचं नाव लिहीत नाही. पण त्यानं दिलेला कागद कसा होता ते सविस्तर सांगतो, कारण तसलाच कागद उद्या तुमच्याही हातात पडू शकतो.

ओळख मेहुण्याच्या मित्राकडून झाली. गाळ्यात शाहू महाराजांचा फोटो, निळ्या पाण्याचं पोस्टर, समोर चहा. "भावा, विषयच हार्ड! एका दिवसात सहा बीच दाखवतो. पुण्या-मुंबईचे एजंट दोन दाखवून परत आणतात." विमानाची तिकिटं मी स्वतः काढली होती. बाकी पाच रात्रींचं सगळं मिळून १,३२,००० ठरले. ८०,००० तिथंच यूपीआयनं दिले. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्या तरी बाईचं. विचारलं, तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे, दोन्ही एकच." मी मान डोलावली. शाळेत गणित शिकवतो मी, हे सांगायला आता लाज वाटते.

कागदावर तिसऱ्या दिवसाखाली लिहिलं होतं: 'हॅवलॉक फुल डे. बीच नं. ७, राधानगर, एलिफंट, काला पत्थर, विजयनगर, बीच नं. ५. खासगी एसी गाडी. सायं. ५.३० राधानगर सनसेट.'

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "राधानगर? आरं, आपली राधानगरी काय वाईट हाय? दीड तासात धरण बघून जेवायला घरात." सगळे हसलो. खरं तर त्या दोन ओळींत फसवणूक तीन ठिकाणी लिहून ठेवलेली होती आणि सहा जणांपैकी एकालाही ती दिसली नाही.

रात्रीच्या बसनं बेंगळुरू, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आणि हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण जेटीवर सगळे जुनीच नावं घेतात. एका जागेला दोन नावं ही तिथली रीतच. पुढच्या प्रकाराचं मूळ तेच, पण तेव्हा ते आमच्या डोक्यात आलं नाही. हॉटेल ठीक होतं. सेल्युलर जेलमध्ये बाबा बराच वेळ कोठडीच्या गजाला धरून उभे राहिले, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तिसऱ्या दिवशी हॅवलॉकवर नऊची गाडी साडेअकराला आली. चालक पन्नाशीचा बंगाली माणूस. त्याचे आजोबा पूर्व बंगालमधून येऊन इथं वसले होते. त्याला दादा म्हणणं सोपं गेलं, ते दोन्ही भाषांत चालतं. आधी काला पत्थरला नेलं. रस्त्याला लागूनच काळे खडक आणि पलीकडं हिरवट पाणी. आईनं शहाळं संपवलं तोवर वीस मिनिटं झाली होती. परत येताना विजयनगरला थांबलो. ओहोटी होती. पाणी एवढं आत गेलेलं की समोर नुसते खडक आणि मेलेलं प्रवाळ. धाकटा चप्पल घालूनच चालत गेला आणि पाय खरचटून परत आला. भरती-ओहोटी बघून वेळ ठरवली असती तर पोरं तिथं डुंबली असती.

मी दादाला म्हटलं, "अब पाँच नंबर चलो."

तो हसला. "यही तो पाँच नंबर है."

"और सात नंबर?"

"वो राधानगर है, भैया."

मी खिशातून कागद काढला. एकेका नावावर बोट ठेवत त्यानं तो वाचला आणि तसाच घडी करून परत दिला. मग स्वतःचा मोबाइल पुढं केला. त्याला आलेल्या व्हाउचरवर होतं: सहा माणसं, हाफ डे, काला पत्थर, राधानगर. बस्स. विजयनगर वाटेत लागतं म्हणून तो आपल्या मनानं थांबला होता. मी त्या स्क्रीनचा फोटो काढून घेतला. अख्ख्या सहलीत अक्कल वापरून केलेलं तेवढं एकच काम.

म्हणजे नावं सहा, बीच चार आणि पैसे भरलेले दोनचे. त्यातही एलिफंट बीचला गाडी जातच नाही. जेटीवरून बोटीनं जायचं, नाहीतर जंगलातून पायवाटेनं. एसी गाडीच्या यादीत ते नाव बसूच शकत नव्हतं. साधा नकाशा उघडला असता तरी कळलं असतं.

एजंटला फोन लावला. "भावा, बोट म्हणजे ॲक्टिव्हिटी. खाली लिहिलंय की." कागदाच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत खरंच होतं, 'ॲक्टिव्हिटी एक्स्ट्रा'. मी आवाज चढवल्यावर म्हणाला, "तुम्ही जेटीवर जाऊन थांबा, दुसरी गाडी आणि बोट दोन्ही पाठवतो." आम्ही थांबलो. त्या दिवशीच्या बोटी तोवर संपल्या होत्या, हे शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं. फोन आधी वाजत राहिला, नंतर बंद झाला. बायको म्हणाली, "अहो, चला आता, तो काही पाठवत नाही." मला मात्र त्याला खोटं पाडायचं होतं. दादा घड्याळाकडं बघत होता. "भैया, सूरज नहीं रुकेगा."

तेव्हा कुठं कळलं की नोव्हेंबरात तिथं सूर्य पाचच्या आतच बुडतो. अंदमान आपल्या किती पूर्वेला, पण घड्याळ तेच. कोल्हापुरात सहापर्यंत उजेड असतो म्हणून ५.३० चा सनसेट मला खटकलाच नाही. जेटीपासून राधानगर साधारण १२ किलोमीटर. पोचलो तेव्हा आभाळ नुसतं तांबूस उरलं होतं. पांढरी वाळू, मागं उंच झाडी, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं प्रमाणपत्र, मिळालेला किनारा. पोरांनी पाण्यात पाय घातले आणि दहा मिनिटांत शिट्टी वाजली, सगळ्यांना बाहेर काढलं. थोरली गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदरचे सात हजार घालून एलिफंटला गेलो. तिथलं पाणी बघून आई म्हणाली, आधी इथंच आणायचं न्हाई का.

परत आल्यावर गाळ्यात गेलो. "लोकलवाल्यानं घोळ केला," हे उत्तर. व्हाउचरचा फोटो दाखवल्यावर ९,००० परत देतो म्हणाला, ते आजतागायत आलेले नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. सेवेसाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो, आणि घटनेपासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, एजंट कुठलाही असो. माझी अडचण वेगळीच आहे. पैसे गेले एजंटच्या बायकोच्या खात्यात आणि पावती लेटरपॅडवर हातानं लिहिलेली, तिच्यावर जीएसटी नंबर नाही. व्यवहार दुकानाशी झाला हे सिद्ध करताना चॅट शोधून शोधून डोळे दुखले.

तुम्ही पैसे द्याल तेव्हा दुकानाच्या नावाच्या खात्यातच द्या. आणि निघायच्या आधी एजंटकडं त्यानं तिथल्या गाडीवाल्याला पाठवलेलं व्हाउचर मागा. तुम्हाला दिलेला रंगीत कागद नव्हे, गाडीवाल्याला जातं ते. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. फेरीबोटीचे तिकीट नंबर घ्या, हॉटेलला स्वतः फोन करा. द्यायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन उठा.

गेल्या आठवड्यात मेहुण्यानं त्याच एजंटची उन्हाळी जाहिरात पाठवली. आता एका दिवसात आठ बीच आहेत. यादीत दोन नावं वाढलीत: गोविंदनगर आणि बीच नं. ३.