मोठी अलॉय चाकं की आहे त्याच रिमवर चांगले टायर?

कंपनीचे टायर झिजत आले की दोन विचार एकदमच डोक्यात येतात. टायर तर बदलायचेच आहेत, मग लगे हात मोठ्या मापाची अलॉय (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची) चाकंही बसवून घ्यावीत का? की आहेत त्याच रिमवर वरच्या प्रतीचे टायर टाकावेत? दोन्ही परवडत असेल तर प्रश्न सोपा आहे. पण बहुतेक वेळा पैसे अलॉयवर संपतात आणि टायर मिळेल ते स्वस्तातले घेतले जातात. माझा विरोध नेमका या तडजोडीला आहे.

गाडी रस्त्याला चारच ठिकाणी टेकते आणि टेकणारी प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. ब्रेक, स्टिअरिंग, एबीएस या सगळ्यांचा जोर शेवटी तिथूनच रस्त्यावर उतरतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पण रबरात पकडच नसेल तर ती एबीएसने आणायची कुठून?

आता मापाकडे येऊ. टायरवर १८५/६५ आर १५ लिहिलेलं असेल तर रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिमी, आणि रिम १५ इंची. रिम आणि वरखालच्या दोन साइडवॉल मिळून चाकाचा व्यास साधारण ६२१ मिमी भरतो. १६ इंचावर जाताना १९५/५५ घेतला तर व्यास जवळपास तोच राहतो. १७ इंचावर २०५/४५ घेतला तर तो ६१६ मिमी होतो, तेही चालण्यासारखं. गडबड होते ती ‘जरा भरदार दिसू दे’ म्हणून १६ इंचावर २०५/६० चढवला की. व्यास ६५२ मिमीपर्यंत जातो, म्हणजे ५ टक्के जास्त. वेग दाखवणारा मूळ काटा अचूक धरला, तर तो ९५ दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०० ने धावत असते. शिवाय पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर किंवा गाडी भरल्यावर टायर आतल्या बाजूला घासू शकतो. दुकानात ‘बसतंय की’ म्हणतात, ते गाडी रिकामी आणि सरळ उभी असताना.

मोठ्या रिमचा फायदा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. साइडवॉल आखूड झाली की वळणावर टायर कमी लचकतो आणि स्टिअरिंगला गाडी पटकन प्रतिसाद देते. ज्याला गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे त्याला हा फरक पहिल्याच वळणावर जाणवेल. मात्र अलॉय म्हणजे हलकं चाक हा समज तपासून घ्या. मोठं अलॉय आणि रुंद टायर मिळून अनेकदा मूळ चाकापेक्षा जड भरतात, आणि चाकाचं वाढलेलं वजन सस्पेन्शनला दर खड्ड्यात सोसावं लागतं. मायलेजही थोडं घटतं.

किंमत मोजावी लागते ती खड्ड्यात. १५ इंचावर १२० मिमी साइडवॉल होती, ती १७ वर ९२ मिमीच उरते. वेगात खड्ड्याच्या काठावर चाक आदळलं की साइडवॉल रिम आणि काठ यांच्यात चिरडते, आतले धागे तुटतात आणि टायरला बाहेरून फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही, तो टायर काढूनच टाकायचा. स्टीलची रिम वाकली तर बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते. अलॉयला मात्र आतल्या कडेला केसाएवढी चीर पडू शकते, जी बाहेरून दिसतही नाही. हवा दर आठवड्याला उतरते, पंक्चरवाल्याला पाण्यात बुडवूनही टायरमध्ये काही सापडत नाही. असं झालं तर रिमची आतली कड तपासायला सांगा.

उलट चांगल्या टायरचा उपयोग दिसत नाही, कारण तो पावसात आणि अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हाच कळतो. पाणी बाहेर ढकलायचं काम खाचांचं. खाचा झिजून १.६ मिमी खोल उरल्या की त्यांच्या तळाशी असलेल्या खुणा रबराच्या पातळीला येतात. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी ढासळू लागते, म्हणून मी ३ मिमीलाच टायर बदलायच्या बाजूचा आहे. घेताना साइडवॉलवरचे तारखेचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. वजनाचा निर्देशांकही मूळ टायरपेक्षा कमी नको. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. आणि जुने टायर काढण्याआधी त्यांच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. तिथे करवतीसारखे दाते लागले किंवा एकच बाजू गुळगुळीत झालेली असली, तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. नाहीतर नवे टायरही तसेच जातील.

मग कोणी काय घ्यावं? घरची माणसं आणि सामान भरून खराब रस्त्यांवर फिरणाऱ्याने मूळ माप सोडू नये, सगळे पैसे टायरवर लावावेत. रस्ते गुळगुळीत असतील, आवड असेल आणि चांगल्या टायरचे पैसे वेगळे काढलेले असतील, तर एक इंच वाढवायला हरकत नाही. फक्त दिसण्यासाठी अलॉय हवी असतील तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचं माप घ्या. त्या मापावर कंपनीने स्वतः काम केलेलं असतं.

अलॉय ठरलीच, तर पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते) आणि हबचं, म्हणजे चाक जिथे बसतं त्या मधल्या भागाचं, भोक तंतोतंत जुळलं पाहिजे. ४×१०० च्या (चार नट, १०० मिमीचं वर्तुळ) हबवर ४×९८ चं चाक चढल्यासारखं वाटतं, पण नट तिरके बसतात आणि चालत्या गाडीत ढिले होतात. नटही त्या रिमसाठीचेच हवेत. ५० ते १०० किमी झाल्यावर ते टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा. स्टेपनीचा व्यासही जुळू दे.

आणि यंदा दोनच टायरांची सोय होत असेल, तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची सुटली तर ती गरकन फिरते.