पफ पेस्ट्रीच्या तयार शीट : आठ महिन्यांचा अनुभव आणि एका कागदाची तक्रार

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे यांच्या जोडीला मटारचे पफ करायचे मी ठरवले होते. आदल्या रात्री पाकीट उघडले, तेव्हा सहापैकी चार शीटच्या कडा एकमेकींना इतक्या घट्ट चिकटल्या होत्या की सुरीचे पाते सरकवूनही त्या सुटल्या नाहीत आणि जरा जोर लावताच कोपरे फाटले. कंपनीला छायाचित्रे पाठवली, तर पाकीट तुम्हीच फ्रीजरबाहेर ठेवले असेल असे उत्तर आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. गणपतीपासून मी याच शीट वापरत आहे, त्यामुळे हे उत्तर मला फार लागले.

पहिल्या दोन महिन्यांत या शीटविषयी माझे मत वाईटच होते. पफ वरून रंग धरत, पण फुगत नसत आणि तळाशी ओलसर राहत. साट्याच्या करंज्या करणाऱ्यांना यामागचे कारण लवकर कळेल. पिठाच्या पातळ थरांमध्ये स्निग्धाचे थर असतात, भट्टीत पाण्याची वाफ होऊन ती थर वर उचलते आणि पदर सुटतात. पण भाजण्याआधीच स्निग्ध वितळून पिठात जिरले, तर सुटायला पदरच उरत नाहीत. मी मटार-बटाट्याचे सारण कोमट असतानाच भरत होते आणि ओटीजी पुरेसा तापण्याआधीच ट्रे आत ठेवत होते. आता सारण पूर्ण गार करते, भरलेले तुकडे पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवते आणि २०० अंश सेल्सिअसला नीट तापलेल्या ओटीजीत वीस ते पंचवीस मिनिटे भाजते. वरून दूध लावताना ते कापलेल्या कडांवर ओघळू देत नाही, कारण तेथे पदर एकमेकांना चिकटतात. तेव्हापासून पफ बोटभर उंच फुगतात आणि ते मोडताना खारीसारखा आवाज येतो, म्हणून ते जुने मत मी मागे घेते.

वेष्टनावर लोण्याऐवजी वनस्पती स्निग्ध लिहिलेले असते, याचाही मला राग होता, कारण खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट थर जाणवतो. पण लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि एप्रिलमध्ये मुंबईतले स्वयंपाकघर जवळपास तितकेच तापलेले असते. लोण्याची शीट येथे लाटून, कापून होईपर्यंत हातातच लोळागोळा झाली असती, त्यामुळे चवीतली ही उणीव मी स्वीकारली आहे.

स्वीकारता येत नाही तो दोन शीटमधला बटर पेपर. तो शीटपेक्षा चारही बाजूंनी बोटभर लहान कापलेला असतो. दुकानातून घरी येईपर्यंत पाकीट एकदा जरी मऊ पडले, तरी उघड्या कडा एकमेकींना भिडतात आणि पुन्हा गोठताना एकजीव होतात. येथल्या उन्हात घरपोच येणारे पाकीट वाटेत मऊ पडणारच, हे कंपनीला ठाऊक असले पाहिजे. कागद बोटभर मोठा करायला कितीसा खर्च येतो? त्या एका काटकसरीपायी माझ्या चार शीट वाया गेल्या.

वाया गेल्या म्हणजे पफसाठी. टाकल्या मात्र नाहीत. फाटलेले तुकडे मळले तर पदर मोडतात, म्हणून ते एकावर एक रचून हलकेच लाटले, वर किसलेले चीज, ओवा आणि भरड मिरी पसरली, पट्ट्या कापून पीळ दिला आणि काड्या भाजल्या. त्या पफाइतक्या फुगल्या नाहीत, तरी बायकांनी पन्ह्याबरोबर आवडीने खाल्ल्या.

आता मी घरपोच मागवणे बंद केले आहे. दादरला जाताना जाड कापडी पिशवीत बर्फाची पिशवी नेते, दुकानात पाकीट हलवून आतल्या शीट सुट्या सरकतात का ते पाहते आणि आत बर्फाचा चुरा दिसला तर ते परत ठेवते, कारण तो पाकीट वितळून पुन्हा गोठल्याची खूण असतो. घरी आल्यावर लगेच प्रत्येक शीटखाली पूर्ण मापाचा बटर पेपर घालते. त्या कागदाचे पैसेही मीच भरते, आणि हे मी कंपनीला दुसऱ्या पत्रात लिहून कळवले आहे.