एका माजी विद्यार्थी संघटनेचा खान्देश विभाग: सदस्य व्हावे का?

पुण्या-मुंबईकडील एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघटनेचा खान्देश विभाग जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी काम करतो. विद्यापीठाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या संबंधितांना आधीच कळवल्या आहेत. विभागाला स्वतःचे कार्यालय नाही की पगारी माणूस नाही. एक समन्वयक, एक कोषाध्यक्ष आणि तालुक्यातालुक्यांतील काही मंडळी आपापली नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून सगळा कारभार पाहतात. वार्षिक वर्गणी चौकोनी कुटुंबाच्या शेवभाजीच्या जेवणाइतकी आहे, आणि तेवढ्यात जे मिळते ते बहुतांशी उत्तम आहे.

सर्वांत मोलाची सेवा कागदपत्रांची. ट्रान्स्क्रिप्ट (सर्व वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला उतारा) काढणे, पदवी प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मिळवणे, परदेशी जाण्यापूर्वी अपोस्टिलसाठी (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून त्यावर घ्यायच्या सरकारी प्रमाणनासाठी) लागणारी पडताळणी उरकणे ही कामे जळगावात किंवा शहाद्यात बसून करताना माणूस मेटाकुटीला येतो. समन्वयकांकडे एक जाडजूड फाइल आहे. तीत प्रत्येक अर्जाचा भरलेला नमुना लावलेला असून अर्जदार जेथे हमखास चुकतात तेथे लाल शाईने खुणा केलेल्या आहेत: गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग एक आणि आधारकार्डावर दुसरे, लग्नानंतर बदललेल्या आडनावासाठी जोडावयाची राजपत्राची प्रत, अंतिम परीक्षेचे वर्ष आणि पदवीदान समारंभाचे वर्ष यांतील गल्लत. जो सदस्य स्वतःच्या कामासाठी विद्यापीठात जाणार असेल, त्याच्याबरोबर इतरांचे अर्ज अधिकारपत्रासह पाठवण्याची पद्धतही या मंडळींनी बसवली आहे. माझ्या भाचीचे काम याच पद्धतीने, तिला घराबाहेर पडावे न लागता झाले. सदस्यांच्या वहीत प्रत्येक नावापुढे गाव लिहिलेले असते. पानापानावर पाटील, चौधरी आणि महाजन असताना त्याशिवाय माणूस सापडणे अवघडच.

दुसरी सेवा बारावीच्या निकालानंतरच्या मार्गदर्शनाची. खान्देशातील महाविद्यालये १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी १५ ऑगस्टला जळगावला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीसाठी घर सोडण्याची गरज पुष्कळ कमी झाली. तरीही विशिष्ट अभ्यासक्रमांसाठी मुले बाहेर जातातच, आणि पालकांचे प्रश्न माहितीपुस्तिकेत सुटत नाहीत. दोंडाईच्याच्या बैठकीत एका वडिलांनी विचारले, ‘‘पोरले मेसमा जेवन कसं शे?’’ उत्तर देणारा तरुण नुकताच त्याच वसतिगृहातून बाहेर पडलेला होता. त्याने मेसचा मासिक खर्च, रविवारी रात्री मेस बंद असल्याने होणारी पंचाईत आणि खोली मिळेपर्यंत कोठे राहावे, हे सारे अहिराणीतूनच सांगितले. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागणारे जात पडताळणी आणि उत्पन्नाचे दाखले केव्हापासून काढायला घ्यावेत, याचे वेळापत्रकही त्याने फळ्यावर लिहून दिले. अशी बैठक जळगाव शहरात होते तेव्हा मात्र ती बरीचशी सत्कार समारंभ होऊन बसते. शाल, श्रीफळ आणि मनोगते यांत तास निघून जातो आणि मुलांचे प्रश्न चहापाण्याच्या वेळी उभ्याउभ्या विचारावे लागतात.

उणिवांत सर्वांत मोठी अंतराची आहे. नंदुरबारहून जळगावला रस्त्याने यायचे म्हणजे तीन-चार तास सहज मोडतात. संध्याकाळची बैठक ठेवली की तिकडचा सदस्य आपोआप गळतो, आणि मुक्कामाची सोय नसल्याने महिला सदस्य त्याहून आधी गळतात. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून १९९८ मध्ये वेगळा झाला, पण विभागाच्या कारभारात तो अजून स्वतंत्र झालेला नाही. तेथे उपसमन्वयक नेमून त्याला निर्णयाचे आणि थोड्या खर्चाचे अधिकार द्यावेत, अशी मागणी अनेकांनी केली आहे. ती फेटाळली गेलेली नाही, केवळ पुढच्या बैठकीवर ढकलली जाते.

दुसरी उणीव विद्यापीठाकडून आलेली आहे. एरवी या विभागाची आठवण कोणाला होत नाही. नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) मूल्यांकनाची वेळ जवळ आली, की माजी विद्यार्थ्यांचे योगदान दाखवण्यासाठी तक्ते, छायाचित्रे आणि देणग्यांचे आकडे मागणारे संदेश सुरू होतात. नॅकच्या निकषांत या सहभागाला गुण आहेत हे खरे, परंतु ते मिळवून देणाऱ्या स्वयंसेवकाला साध्या लेटरहेडसाठीही महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. विभागाची स्वतंत्र नोंदणी नसल्यामुळे येथे जमा झालेल्या रकमेवर कलम ८०जीची पावती मिळत नाही. करसवलत हवी असल्यास देणगी थेट मध्यवर्ती संघटनेच्या खात्यात भरावी, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती सवलत मिळत नाही, हे कोषाध्यक्ष प्रत्येकाला आवर्जून सांगतात. हिशेब दरवर्षी सभेत वाचून दाखवला जातो, आणि तो झेरॉक्स काढून कोणालाही मिळतो. या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही.

हिवाळ्यातील स्नेहमेळावा भरीत पार्टीच्या रूपाने शेतावर होतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, पुऱ्या आणि वर मिरचीचा ठेचा, यांबद्दल वेगळे गुणदान करण्याची आवश्यकता नाही. ओळखी खऱ्या अर्थाने येथेच होतात. मुलाला इंटर्नशिप मिळाली, केळीच्या निर्यातदाराला हिशेबनीस सापडला, अशी कामे भाषणांपेक्षा या पंगतीत अधिक जुळतात.

समन्वयकांची मुदत दोन वर्षांची आहे आणि विद्यमान समन्वयकांची मुदत येत्या मार्चअखेर संपते. लाल खुणांची ती फाइल आणि सदस्यांची वही अजून एकाच घरात आहेत, त्यांची दुसरी प्रत निघालेली नाही. त्यामुळे ज्यांना ट्रान्स्क्रिप्टचे किंवा नावातील दुरुस्तीचे काम करून घ्यायचे असेल, त्यांनी मार्चच्या आत वर्गणी भरून अर्ज द्यावा. नंदुरबार आणि नवापूरकडील मंडळींनी मात्र उपसमन्वयकाची नेमणूक होईपर्यंत थांबले तरी फारसे बिघडणार नाही.