दहा बोटांचे ठसे आणि आठवं पान

मागच्या पावसाळ्यात डिचोलीत एका सभागृहात मुलांची 'व्यक्तिमत्त्व चाचणी' होती. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव कळतो, चारचौघांत तो कसा वागेल तेही कळतं, असं सांगितलं. ६,५०० रुपये घेतले. माझ्या १३ वर्षांच्या मुलाची दहाही बोटं काचेवर टेकवून घेतली, पण त्याला एक प्रश्न विचारला नाही. तिथेच मी उठायला हवं होतं.

अहवाल २२ पानी, रंगीत. आठव्या पानावर होतं: 'तो जवळच्या माणसांत खुलतो, गटात मात्र दबतो. अंगी गुण बरेच, पण पुरते वापरले जात नाहीत.' वाचून वाटलं, अगदी आपलाच मुलगा! देवळाच्या जत्रेतल्या नाटकात त्याला काम मिळालं होतं, तालमी सुरू होत्या. उगाच पोराला त्रास नको म्हणून मीच त्याचं नाव काढायला लावलं. संवाद उतरवलेली वही अजून कपाटात आहे.

शिगम्याला नणंद आली. तिच्या मुलीनेही म्हापशात हीच चाचणी दिलेली. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले, तर आठवं पान शब्दाला शब्द तेच. एका ओळीत तर मुलीलाही 'तो' म्हटलेलं.

मग बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत गेलो. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाई मुलाशी बराच वेळ बोलल्या, मला वेगळं बसवून विचारलं, शाळेत कसा असतो तेही विचारलं. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, त्यांत मित्रांशी कसं वागायचं ते लिहिलेलं नसतं, म्हणाल्या. त्यांनीच सांगितलं, मोठ्यांसाठीच्या एका नावाजलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीत ५६७ विधानं असतात, आणि कोणी खोटी किंवा बेफिकीर उत्तरं दिली तर तेही पकडायची सोय असते. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच वर्णन 'हे तुझं' म्हणून दिलं होतं, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. ते आपल्याला किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मी तर पैसे मोजून तसंच सरसकट वर्णन खरं मानलं.

अशी चाचणी कोणी सुचवली तर आधी ती घेणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा; चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद तिथे होते. मी तो मागितल्यावर त्या लोकांनी फोन उचलणंच बंद केलं.

पैसे गेले त्याचं एक वेळ सोसेन. परवा मामा घरी आले, मी मुलाला बाहेर बोलावलं. आतूनच म्हणाला, "आई, मी गटात दबतो ना."